रबराची कमान

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे एखादा गड, एखादा तह, निदान एखादा राजपुरुष तरी हवा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे त्यात राजा नाही आणि लढाईही नाही. त्यात एक रबराचा तुकडा आहे. मोटारीच्या चाकाला बसलेला धक्का आत बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत पोहोचू नये म्हणून मधे जी कमान घालतात, ती पोलादाची न करता रबराची करावी, ही कल्पना दोन माणसांनी एकमेकांपासून हजारो मैल दूर राहून गाडीत उतरवली. एक इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावचा अलेक्स मोल्टन, आणि दुसरे आपल्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. मोल्टनने योजलेल्या कमानींवर एकट्या 'मिनी' या जातीच्या त्रेपन्न लाखांहून अधिक मोटारी धावल्या. शंकररावांची 'मीरा' हाताने घडवलेल्या नमुन्यांच्या पलीकडे गेली नाही. असे का झाले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा विषय शिरवण्यात मांडावा असे मला मुद्दाम वाटले. गावाजवळून शीव-पनवेलचा हमरस्ता जातो, आणि तो ओलांडला की औद्योगिक वसाहत लागते. इथे कमानीचे शास्त्र कोणाला शिकवायला नको. भरलेला ट्रक खड्ड्यात आदळून पाटा तुटला की काय होते ते इथल्या चहावाल्यालाही ठाऊक असते. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ती जुनी कमान टांग्याला होती, पहिल्या मोटारींना होती, आणि ट्रकांना आजही आहे. ती दणकट असते, रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता येते. तिचा दोष एकच, पण मोठा: ती जड असते, आणि ज्या वजनासाठी ती बेतली आहे त्याहून कमी वजन असेल तर ती वाकतच नाही. रिकाम्या एस. टी.च्या शेवटच्या बाकावर ज्याने कधी प्रवास केला असेल त्याला याहून अधिक सांगायची गरज नाही.

मोठ्या मोटारीत हा दोष खपून जातो. दीड हजार किलोच्या गाडीत चार माणसे बसली तर तिचे वजन पाचव्या हिश्श्याने वाढते. पण मोटार सहाशे किलोचीच असली तर? चार धडधाकट माणसे म्हणजे जवळजवळ तीनशे किलो. गाडीचे वजन एकदम दीडपट होते. एकट्या चालकाला सुखाची वाटेल अशी मऊ कमान घातली तर कुटुंब बसल्यावर गाडी बूड टेकते, आणि कुटुंबासाठी ताठ कमान घातली तर एकट्या चालकाची हाडे खिळखिळी होतात. गरिबाला परवडेल अशी छोटी मोटार करू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावाच लागतो. रबर इथे उपयोगी पडते. रबर दाबत गेलात की ते अधिकाधिक ताठ होत जाते. पहिला दाब सहज, पुढचा कठीण. शिवाय तेवढ्याच वजनाच्या पोलादापेक्षा ते कितीतरी अधिक धक्का पोटात घेते, आणि पट्ट्यांसारखे एकमेकांवर घासून कुरकुरत नाही.

हे गुण मोल्टनला कोणा प्रोफेसराने शिकवले नाहीत. ते त्याच्या घरातच होते. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन हे एके काळी लोकरीच्या मागांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो धंदा बसला आणि गिरण्या ओस पडल्या. अलेक्सचा पणजोबा स्टीफन मोल्टन याचे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरशी परिचय झाला होता. गंधकाबरोबर तापवले की रबर उन्हाळ्यात चिकटत नाही आणि थंडीत तडकत नाही, हा शोध गुडइयरचा. त्या रबराचे नमुने स्टीफनने इंग्लंडात आणले. नमुने पाहून तिथल्या थॉमस हॅनकॉकने स्वतः खटपट केली आणि १८४३ साली गुडइयरच्या आधी इंग्लंडातले पेटंट पदरात पाडून घेतले. (शोध एकाचा आणि कागद दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्याकडचाच आहे असे समजण्याचे कारण नाही.) स्टीफनने १८४८ साली ब्रॅडफर्डची एक ओस पडलेली लोकरीची गिरणी घेऊन तिथे रबराचा कारखाना काढला आणि गावातला 'द हॉल' नावाचा जुना दगडी वाडाही घेतला. पुढे हा कारखाना आगगाडीच्या डब्यांना लागणाऱ्या रबरी धक्केशोषकांसाठी नावाजला. अलेक्सचा जन्म १९२० चा. त्याचे बालपण त्या वाड्यात गेले.

केंब्रिजला शिकत असताना महायुद्ध आले, आणि तो ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात रॉय फेडन या विख्यात इंजिन-रचनाकाराचा मदतनीस झाला. हे फेडन ध्यानात ठेवावेत, कारण त्यांची गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. युद्धानंतर या थोर गृहस्थाने मागे इंजिन असलेली एक नवी मोटार काढण्याचा घाट घातला, आणि तो साफ फसला. विमानाची इंजिने ज्याच्या हातून सहज उतरत त्याला मोटारीने दाद दिली नाही.

मोल्टन घरच्या कारखान्यात परतला आणि रबरी कमानींचे प्रयोग करू लागला. तिथे त्याची गाठ अलेक इसिगोनिस याच्याशी पडली. इसिगोनिसचा जन्म तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरातला. 'मॉरिस मायनर' त्याने रेखाटलेली. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे, पण रबरावर दोघांचाही जीव. १९५६ साली दोन गोष्टी घडल्या. मोल्टन घराण्याचा कारखाना दुसऱ्या कंपनीने विकत घेतला, आणि मोल्टनने वाड्याच्या आवारातच कमानींच्या संशोधनासाठी स्वतःची छोटी संस्था उभी केली. त्याच वर्षी सुएझ कालव्याचा तंटा पेटला. इंग्लंडात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि लोक चुलीएवढ्या जर्मन मोटारींतून फिरू लागले. कंपनीच्या प्रमुखाने इसिगोनिसला फर्मावले की या फुगडबुडग्यांना रस्त्यावरून हटवील अशी एक खरीखुरी छोटी मोटार करा.

तीच मिनी. १९५९ च्या ऑगस्टात ती बाजारात आली. इंजिन पुढे आडवे बसवलेले, चाके केवळ दहा इंची, आणि प्रत्येक चाकामागे मोल्टनचा रबरी शंकू. हा शंकू दोन धातूंच्या वाट्यांत बसवलेला असे. चाक वर उचलले की तरफेमुळे चाकाची मोठी हालचाल शंकूपाशी अगदी थोडी होई आणि रबर तेवढेच दबे. सारी कमान मुठीत मावेल एवढी. म्हणून तर दहा फुटी गाडीत चार माणसांना पाय ठेवायला जागा उरली. लोक मिनीची स्तुती करताना आडव्या इंजिनाची करतात. माझ्या मते त्या मोटारीचे अर्धे श्रेय या शंकूला आहे.

मोल्टनच्या मनात मुळात याहून पुढची योजना होती, पण ती वेळेत तयार झाली नाही. ती १९६२ साली 'मॉरिस ११००' या मोटारीत आली. एका बाजूचे पुढचे आणि मागचे चाक त्याने पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या नळीने जोडले. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की तिथला द्रव मागे ढकलला जाई आणि मागची बाजूही तेवढीच उचलली जाई. पालखीचे अनुभवी भोई जसे करतात तसेच हे: पुढचा चढला की मागचा खांदा उंचावतो आणि आतली मूर्ती कलत नाही. पुढे १९७३ पासून रबराच्या जागी कोंडलेला वायू आला. पण गंमत अशी, की मिनीत १९६४ साली घातलेली द्रवाची योजना १९७१ साली काढून टाकली गेली आणि साधा रबरी शंकू परत आला. ती जुनी मिनी २००० साली बंद झाली तोवर तो तिथेच होता.

आता सायकलीकडे वळतो. या कथेची किल्ली तिथे आहे.

सुएझच्या त्याच पेट्रोलटंचाईत मोल्टनने एक उत्तम सायकल विकत घेतली, आणि तिच्यावर बसता बसता त्याला प्रश्न पडला की १८८५ च्या सुमाराला ठरलेला हा सांगाडा आजवर कोणी का बदलला नाही? चाके एवढी मोठी का? मधला दांडा कशाला? माझ्या लहानपणी आम्ही तासाच्या भाड्याने सायकल आणत असू. खड्ड्यात गेली की चाक वाकडे होई, आणि दुकानदार आउट काढण्याचे पैसे आमच्याकडून उकळी. चाक मोठे का असते असा प्रश्न आम्हा पोरांना कधी पडला नाही, दुकानदारालाही नाही. मोल्टनने उत्तर शोधले. मोठे चाक खड्ड्यावरून तरून जाते, एवढाच त्याचा मुख्य फायदा. म्हणजे ते चाकही आहे आणि कमानही आहे. ही दोन कामे वेगळी केली तर चाक लहान, हलके आणि मजबूत करता येईल, त्यावर अरुंद आणि खूप हवा भरलेला टायर चढवता येईल, आणि धक्के सोसण्याचे काम निराळ्या कमानीवर सोपवता येईल. म्हणून त्याने सोळा इंची चाके घेतली, पुढच्या दांडीत स्प्रिंग आणि मागे रबराचा ठोकळा बसवला. मधला वरचा दांडा काढून टाकल्यामुळे त्याच सायकलीवर उंच आणि ठेंगणा, विजार घातलेला आणि घागरा नेसलेली, सगळेच बसू शकत. सामानाचे कॅरियर चाकांच्या वर पण खाली बसलेले, त्यामुळे ओझ्याने हँडल डुगडुगत नसे.

ही सायकल घेऊन तो रॅले कंपनीकडे गेला. १९६० नंतर इंग्लंडातला बहुतेक सायकलधंदा त्या कंपनीच्या छत्राखाली गोळा झाला होता. आपल्याकडची आसनसोलची सेन-रॅले ही तिच्याच सहकार्याने निघालेली, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुण्यात तिच्या नावाची सायकल दारात असणे ही प्रतिष्ठेची बाब होती. रॅलेने आधी उत्सुकता दाखवली आणि मग नकार दिला. लहान चाकाची सायकल कोण घेणार, असा त्यांचा हिशेब.

मोल्टनने काय केले? आपल्याच वाड्याच्या आवारात कारखाना उभारला. १९६२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सायकल प्रदर्शनात त्याची सायकल मांडली गेली. पुढच्याच महिन्यात जॉन वुडबर्न नावाच्या शर्यतपटूने तिच्यावर बसून कार्डिफ ते लंडन हा विक्रम मोडला आणि लहान चाक सावकाश चालते म्हणणाऱ्यांची तोंडे बंद केली. मागणी इतकी आली की मिनीच्या कंपनीच्या एका कारखान्यातही तिचे उत्पादन करावे लागले. थोड्याच वर्षांत मोल्टन हा इंग्लंडातला सायकलींचे सांगाडे बनवणारा दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक झाला. ज्या कंपनीने नकार दिला होता तिने १९६५ साली लहान चाकाची आपली सायकल काढली. मात्र मोल्टनची कमान तिला नको होती. तिच्याऐवजी तिने फुगीर मऊ टायर बसवले. परिणामी ती सायकल चिखलात चालवल्यासारखी जड जाई. पण तिच्यामागे जाहिरात आणि दुकाने होती. १९६७ साली मोल्टनला आपला सायकलधंदा रॅलेलाच विकावा लागला.

म्हणजे त्याचाही शेवटी पराभव झाला, असे कोणी म्हणेल. काही अंशी खरे आहे. पण तो मधली पाच वर्षे रस्त्यावर होता, आणि त्या पाच वर्षांत जे शिकला ते घेऊन १९८३ साली बारीक नळ्यांच्या जाळीदार सांगाड्याची नवी सायकल त्याने त्याच वाड्याच्या तबेल्यात बनवायला घेतली. १९८६ साली कॅनडात जिम ग्लोव्हर याने तीवर वायुरोधक कवच चढवून ताशी ८२ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. मोल्टन तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. २०१२ च्या डिसेंबरात वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी तो वारला.

आता इचलकरंजी.

हेही मागांचे गाव, आणि हे साम्य मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला. जहागिरीचे अधिपती नारायणराव घोरपडे यांचा त्याला आश्रय होता. जिथे माग असतो तिथे तो बिघडतो, आणि जिथे तो बिघडतो तिथे फिटर, लोहार, टर्नर जमतात. धोटा का अडला, कॅम का झिजला, हे कानाने ओळखणारी माणसे अशा गावात तयार होतात. पुस्तकी शिक्षण नसलेला पण यंत्राच्या पोटात शिरणारा माणूस ही दक्षिण महाराष्ट्राची जुनी मिळकत आहे. कोल्हापूरचे उद्यमनगर अशाच माणसांनी उभे केले.

शंकरराव कुलकर्णी यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. स्वातंत्र्याच्या आसपास त्यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार स्वतः बनवायचे मनावर घेतले, आणि १९४९ साली त्यांची पहिली दोन आसनी गाडी तयार झाली. त्या साली मिनी कागदावरही नव्हती. मग नमुन्यामागून नमुना, पंचवीसएक वर्षे. गाडीचे नाव मीरा. इंजिन मागे बसवलेले, दोन सिलिंडरांचे, चौदा अश्वशक्तीच्या आसपासचे. चारही चाके स्वतंत्र, आणि त्यांच्या कमानी रबराच्या. एका लिटरला वीसेक किलोमीटर धाव, आणि किंमत सुमारे बारा हजार रुपयांत बसवण्याचा त्यांचा निर्धार.

या माणसाची बुद्धी पाहायची तर त्याची गाडी पाहावी. इंजिन मागे घेतले की पुढून मागे जाणारा लांब दांडा वाचतो, त्याच्यासाठी पत्र्यात काढावा लागणारा उंचवटा वाचतो, आणि माणसांना पाय पसरायला सपाट जमीन मिळते. रबर घेतले की पाटे वाचतात, त्यांचे हूक, पिना, तेलपाणी वाचते. लहान गाडीत रिकाम्या आणि भरलेल्या वजनाचा जो पेच मघाशी सांगितला तोही सुटतो. एक भाग काढला की त्याच्यामागचे चार भाग आपोआप गळतात, हे ज्याला कळले त्यालाच स्वस्त मोटार करता येते. मोल्टन-इसिगोनिसांना हे केंब्रिज, विमान कारखाना आणि एका अवाढव्य कंपनीच्या आधाराने कळले. शंकररावांना ते इचलकरंजीच्या वर्कशॉपात कळले. मी दोघांना एका तराजूत घालत नाही. मोल्टनचे काम विस्ताराने कितीतरी मोठे आहे. पण पेच तोच होता, आणि त्यांनी काढलेली वाटही तीच होती.

१९७५ साली मुंबईच्या प्रदर्शनात मीरा लोकांनी पाहिली. तिचा कारखाना मात्र निघाला नाही.

इथे परवान्याचा प्रश्न येतो. १९५१ च्या उद्योग कायद्यान्वये मोठा कारखाना काढायला, वाढवायला, नवी वस्तू बनवायला दिल्लीची परवानगी लागे. मोटारीच्या बाबतीत धोरण त्याहूनही आवळलेले होते. १९५३ साली ठरले की जे संपूर्ण मोटार इथेच बनवण्याचा कार्यक्रम देतील तेच राहतील. त्यानंतर मुंबईत शिवडीला १९२८ पासून मोटारी जुळवणारा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. उरल्या मुख्यतः तीन कंपन्या: कलकत्त्याची हिंदुस्थान, आपल्या कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. या धोरणामागचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. परकीय चलन नव्हते, पोलाद मोजून मिळत होते, आणि मोटार ही श्रीमंताची चैन समजली जाई. छोट्या मोटारीचा विचार सरकारी समित्यांनी १९६० पासून वारंवार केला. मग १९७० साली तत्कालीन पंतप्रधानांच्या धाकट्या चिरंजिवांना वर्षाला पन्नास हजार छोट्या मोटारी काढण्याचे इरादापत्र मिळाले. त्या कंपनीचे पुढे दिवाळे वाजले. १९८१ साली सरकारने तिच्या नावाची नवी कंपनी काढली, जपानच्या सुझुकीशी करार केला, आणि १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती गिऱ्हाइकाच्या हाती पडली. मीरेच्या पहिल्या नमुन्याला तोवर चौतीस वर्षे झाली होती.

दोन्ही हकीकती शेजारी ठेवल्या की फरक कुठे आहे ते दिसते. नकार दोघांनाही मिळाला. रॅलेने मोल्टनला नकार दिला तो एका कंपनीचा नकार होता. त्याच्यापाशी वाडा होता, पैसा होता, आणि स्वतःच्या आवारात सायकल बनवायला त्याला कोणाला विचारावे लागत नव्हते. शंकररावांच्या काळात आपल्याकडे नकार देणारे दार एकच होते, आणि ते बंद झाले की दुसरे ठोठवायला नव्हते. मोठ्या कारखानदाराला त्या दारापाशी वर्षानुवर्षे माणूस बसवून ठेवता येत असे. सातवी शिकलेल्या मिस्त्रीला ते परवडणारे नव्हते.

यावर कोणी म्हणेल की आपल्या माणसाला आश्रय मिळतच नाही. हे मात्र मला मान्य नाही, कारण त्याच मुलखातले उलट उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. (आपल्या यंत्रधंद्याचा उगम सायकलीत आहे, हे विसरू नये.) त्यातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी त्यांना जागेवरून उठायला सांगितले. त्या वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलच्या माळावर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने उठवले तर औंध होते. औंधने नकार दिला असता तर सांगली होते, कोल्हापूर होते. संस्थानिकांच्या राजवटीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही, त्या राजवटी गेल्या ते बरेच झाले. पण दारे अनेक होती, एवढे खरे.

आता दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान गाऱ्हाणे होईल. परवाना मिळाला असता तर मीरा यशस्वी झाली असती काय? नमुना आणि कारखाना यांच्यामध्ये फार मोठी दरी असते. हाताने घासून बसवलेला एक गिअर चालतो. तसेच दहा हजार गिअर एकाच मापाचे निघायला निराळी विद्या लागते. रॉय फेडनसारखा माणूस या दरीत पडला. अलीकडचे उदाहरण घ्या. २००८ च्या जानेवारीत टाटांनी नॅनो दाखवली: दोन सिलिंडर, इंजिन मागे, एक लाख रुपयांची मोटार, मुख्यतः पुण्यात रचलेली. तिच्यामागे परवान्याची अडचण नव्हती, पैशाची नव्हती, इंजिनिअरांची नव्हती. तरीही दहा वर्षांत ती बंद झाली. स्वस्त मोटार म्हणवून घेणे गिऱ्हाइकालाच आवडले नाही. मीरेचेही तसे झाले असते, किंवा नसते.

पण एक गोष्ट मला सोडवत नाही. पहिल्या मिनी मोटारींत पावसाचे पाणी शिरत असे. तळाचा पत्रा जिथे जोडला होता तिथला सांधा उलटा पडला होता, आणि इंग्लंडच्या पावसात लोकांचे मोजे भिजत. इसिगोनिसच्या हुशारीने हा दोष उघडकीस आला नाही. पैसे मोजून गाडी घेतलेल्या हजारो लोकांनी ओरडा केला तेव्हा सांधा बदलला गेला. मोटार अशीच पुरी होते, अर्धी रचनाकाराच्या टेबलावर आणि अर्धी गिऱ्हाइकाच्या शिव्यांनी. शंकररावांनी पंचवीस वर्षे मीरा पुन्हा पुन्हा मोडून बांधली. प्रत्येक वेळी तिचे दोष शोधणारे ते स्वतःच होते.

शिरवण्यात आणि आसपासच्या वसाहतीत सातारा, सांगली, कोल्हापूर इकडून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. १९७५ च्या प्रदर्शनात किंवा त्याआधी इचलकरंजीच्या रस्त्यावर आपल्यापैकी कोणी, किंवा आपल्या वडिलांनी, मीरा पाहिली असेल. तीत बसून खड्ड्यावरून गेलेलाही एखादा असेल. व्याख्यान संपल्यावर मी अर्धा तास इथेच बसणार आहे. धक्का कसा लागला, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचे आहे.